सहा तास रिकाम्या गळाकडे बघत बसलो (बिग रॉक, जून 2023)

आम्ही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतो, रॅले शहराच्या शेजारी, आणि ऑफिसातला एक सहकारी दरवर्षी बिग रॉक बिग रॉक करून डोकं खायचा. बिग रॉक म्हणजे किनाऱ्यावरच्या मोरहेड सिटीला जूनमध्ये होणारी ब्लू मार्लिन (भाल्यासारख्या तोंडाचा प्रचंड समुद्री मासा) पकडायची स्पर्धा, 1957 पासून चालू आहे, बास्केटबॉलवाल्या मायकल जॉर्डनची पण बोट असते त्यात. मी देवगडचा, लहानपणी काकाबरोबर गरवायला (गळाने मासे पकडायला) जायचो, त्यामुळे म्हटलं या वर्षी शेवटचा दिवस तरी बघून येऊ. 17 जून, शनिवार.

हायवे 70 धरून गोल्ड्सबोरो, किन्स्टन, न्यू बर्न करत तीन तास लागतात, वर पार्किंग शोधण्यात अर्धा तास गेला. आणि तिथे पोचल्यावर कळतं की बघायला काहीच नाहीये 😄 स्पर्धा चाललीये चाळीस-पन्नास मैल आत समुद्रात, गल्फ स्ट्रीम या गरम सागरी प्रवाहाच्या कडेला, आणि धक्क्यावर आहे फक्त माशांसाठीचा एक मोठा वजनकाटा, त्याला लटकणारा रिकामा गळ आणि त्याच्यासमोर खुर्च्या टाकून बसलेले हजारो लोक. बायको म्हणाली, हे बघायला तीन तास गाडी चालवली? मी गप्प श्रिंप बर्गर आणून दिला. (तिकडे गेलात तर तो खाच.)

पण हळूहळू मजा कळायला लागते. बहुतेक मासे बोटीवाले तिथेच सोडून देतात, त्याचे पॉइंट मिळतात. काट्यावर आणायचा तर मासा कमीत कमी 110 इंच किंवा 400 पाउंड, म्हणजे 181 किलो लागतो, नाहीतर उलट दंड बसतो. सगळं कळतं ते रेडिओवरून. कुठल्यातरी बोटीने "हुक्ड अप" (मासा गळाला लागला) म्हटलं की धक्क्यावर एकदम शांतता. त्या दिवशी सुशी नावाची बोट 484.5 पाउंडांच्या माशावर पुढे होती आणि सगळे धरून चालले होते की झालं आता, आणि मग शेवटच्या तासात बातमी आली की सेन्सेशन नावाच्या बोटीला मोठा मार्लिन लागलाय.

वेळ संपायच्या आत लागला असेल तर नंतर कितीही वेळ ओढा, चालतं. आणि यांनी सहा तास ओढला!! शेजारच्या खुर्चीवरचे एक आजोबा मला समजावत होते, रॉडला एकाच माणसाचा हात लागला पाहिजे, दुसऱ्या कोणी हात लावला की बाद. 2010 ची गोष्ट पण त्यांनीच सांगितली, सायटेशन नावाच्या बोटीने 883 पाउंडांचा मासा आणला आणि बोटीवरच्या एका मदतनीसाकडे मासेमारीचं साधं लायसन्स नव्हतं म्हणून पहिला नंबर गेला. मी म्हटलं आजोबा आत्ता नको ते अशुभ बोलू.

मुलगी खुर्चीतच झोपली, अंधार पडला, तरी कोणी हलेना. बोट आली तेव्हा जो आरडाओरडा झाला तो मी फक्त वानखेडेवर ऐकलाय. शेपटीला दोर बांधून मासा वर उचलला, आकडा आला 619.4 पाउंड. म्हणजे 280 किलोच्या वर! आजोबांनी मला चक्क मिठी मारली. पाचशे पाउंडांच्या वरच्या पहिल्या माशाला वेगळं बक्षीस असतं, तेही या आठवड्यात कोणाला मिळालं नव्हतं, सगळं धरून जवळपास 35 लाख डॉलर होत होते. मग जज लोक माशाभोवती फिरायला लागले, वाकून वाकून बघतायत, आपापसात बोलतायत, निकाल काही सांगेनात. मला लांबून काही दिसलं नाही. शेवटी आम्ही निघालो, रात्री उशिरा घरी.

रविवारी फोनवर वाचलं, मासा बाद. ओढत असताना शार्कने किंवा दुसऱ्या कुठल्यातरी जनावराने त्याला चावा घेतला होता आणि आंतरराष्ट्रीय नियमात मांस तुटलेला मासा चालत नाही, कारण जखमी मासा धड झुंजू शकत नाही, मग सगळ्यांना सारखी लढत कुठे राहिली. नियम म्हणून पटतो हो, पण त्या सहा तासांचं काय? पहिला नंबर सुशीला गेला.

आपण मोरीचं, म्हणजे शार्कचं, मटण खातो, इथे मोरीने 35 लाख डॉलर खाल्ले. देवगडला काकाला फोन करून सगळं सांगितलं. त्याने आधी विचारलं, खायला चांगला असतो का तो मासा? मग थोडा वेळ गप्प, आणि म्हणाला, "आमच्याकडे चावलेली सुरमय अर्ध्या भावान तरी जाता मरे!"