अप्पा मागे बसले

येळवस (वेळ अमावस्या, शेतात पूजा करून तिथेच जेवायचा सण). रात्रीचे पावणेबारा.

झोप येत नाही. ही म्हणते, आंबील जास्त झाली. आंबिलीचं काही नाही. अप्पा मागे बसले, ते पचत नाहीये.

घडलं ते एवढंच. सकाळी साडेनऊला शेताकडे निघायचं होतं. मी गाडी पोर्चमधून मागे घेत घेत रस्त्यावर काढली, खाली उतरलो, वळसा घालून पुढचं डावं दार उघडलं आणि ते धरून उभा राहिलो. नवरदेवाच्या गाडीपाशी करवला उभा राहतो तसा. अप्पा आले. उघड्या दाराकडे बघितलं. मग मागचं दार आपल्या हाताने उघडलं, आत सरकले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि काच कुठनं खाली होते ते शोधायला लागले. मी पुढचं दार धरून तसाच. समोरच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. शेवटी दार लावून टाकलं.

यात काय एवढं, असं दिवसभर स्वतःलाच म्हणतोय. पण मग ही गाडी घेतली कोणासाठी?

घरात सांगितलेलं कारण वेगळं होतं. हिवाळ्यासाठी. सोलापुरात हिवाळ्यासाठी गाडी! दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीच हसलो असतो. आमच्याकडे पारा ४४ ला टेकतो तेव्हा काहीतरी घ्यावं; हिवाळा म्हणजे कपाटातली चादर बाहेर काढायची आणि जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली की परत घडी घालायची. कल्पना भाच्याची. तो कॅनडात असतो. तिकडे बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठाने गाडीचा तळ गंजतो. म्हणून काही लोक चांगली गाडी झाकून ठेवतात आणि तेवढ्या महिन्यांपुरती एखादी जुनी दणकट गाडी वापरतात. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे मीठ नाही बाबा, साखर आहे.

खरंच आहे ते. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की दिवस मावळल्यावर रस्ते उसाचे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हात हात बाहेर आलेला, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि वर गाणी अशी की हॉर्न ऐकू जायचा प्रश्नच नाही. ट्रॉली पंक्चर झाली की आहे तिथेच सोडतात, चाकाला दगड लावतात. मग कधीतरी ट्रॉली जाते आणि दगड राहतो. मागच्या जानेवारीत वळसंगच्या अलीकडे आपल्या जुन्या गाडीचं जे झालं ते अशाच दगडाने झालं. तेव्हा उंच, जड काहीतरी घ्यायचं, हे सगळ्यांनाच पटलं.

मॅन्युअलच का, हे मात्र कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं.

पुण्याच्या दलालालाही पडला होता तो प्रश्न. "मॅन्युअल ऑडी कोण घेतं साहेब? मी तुम्हाला ऑटोमॅटिक दाखवतो." ऑडीने २०१३ साली क्यू३ चं 'एस' म्हणून एक कमी किमतीचं मॉडेल काढलं होतं. २५ लाखांच्या आत बसवायचं म्हणून सहा गिअरचा दांडा दिला आणि ताकद चारही चाकांऐवजी फक्त पुढच्या दोन चाकांना. ज्याला ऑडी मिरवायची होती त्याला दांडा नको होता, आणि ज्याला दांडा चालला असता त्याचं ऑडीचं बजेट नव्हतं. बाजारात अशी गाडी पडून राहते. ती मला पावणेसात लाखांत मिळाली.

बरोबर गॅरेजवाला मित्र होता. ("काय बे, ऑडी घेऊलालास म्हणं!" एवढं ऐकवून मगच आला.) त्याने टायमिंग बेल्टची पावती मागितली, खाली झोपून तळ बघितला, मग रस्त्यावर चाळिसच्या स्पीडला वरचा गिअर टाकून एकदम ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन नुसतं ओरडलं आणि गाडीने वेग घेतला नाही तर क्लच गेलेला, आणि अशा डिझेल गाडीत नुसत्या क्लच प्लेटवर भागत नाही, फ्लायव्हीलसकट खर्च बसतो. गाडीने वेग घेतला. मी मालकी बदलायच्या कागदांवर सह्या केल्या. पासिंग २०१४ चं, म्हणजे आरसी २०२९ पर्यंत. अप्पा तेव्हा ७८ चे असतील. हा हिशेब मी तिथल्या बाकावर बसून केला होता. हिवाळ्याचं कारण सांगणाऱ्याने हा हिशेब कशाला करावा?

अप्पा १९५१ चे, एसटी १९४८ ची. ते एसटीला 'थोरली' म्हणतात. ३१ वर्षं चालवली. पॉवर स्टिअरिंग नसलेली, डबल क्लच मारल्याशिवाय गिअर न घेणारी. सुट्टीत मी मुक्कामी गाडीला त्यांच्याबरोबर जायचो, तेव्हा माझी जागा ठरलेली: त्यांच्या डाव्या हाताला, इंजिनच्या बोनेटवर, खाली गोणपाट. उन्हाळ्यात तिथे टेकता यायचं नाही. पण डिसेंबरात, पहाटेच्या गाडीला, काचेच्या फटीतून वारं आत यायचं आणि बोनेटची ऊब खालून वर चढायची. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागायचा. "पाय घे," एवढंच बोलायचे.

म्हणून दांडा हवा होता. आता मी चालवीन, ते शेजारी बसतील. कधीतरी एखाद्या मोकळ्या रस्त्यावर म्हणतील, बघू जरा. असं काहीतरी. हे लिहिताना लाज वाटतेय, या वयात.

आणि ते मागे बसले. रविवारी गाडी आली तेव्हाही, बाकी सगळे सीट दाबून बघत होते, अप्पांनी एकच विचारलं, "क्लच जड आहे का?" मी म्हटलं, बसून बघा ना. "असू दे." मग गाडी पोर्चमध्ये तोंड आत करून लावलेली बघून म्हणाले, "डेपोत असली लावली असती तर मेमो मिळाला असता. तोंड रस्त्याकडं पाहिजे. पहाटे चारला अंधारात काढायची असती." तेवढंच. सहा दिवसांत तेवढंच.

आता कारणं. आई म्हणते, आंबिलीचं मडकं सांडू नये म्हणून पुढे ठेवलं, मग ते कुठे बसणार? पण मडकं नंतर आलं. अप्पा बसल्यावर आलं. मी दार लावल्यावर आईने ते परत उघडलं आणि मडकं ठेवून त्याला बेल्टसुद्धा लावायला लावला. हे मी तिला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "तेच की."

धाकट्याला फोन केला. तो हसला. "त्यांना ड्रायव्हरशेजारी बसवत नाही रे, सगळा रस्ता पायाने ब्रेक दाबत बसतात." हे खरं आहे. पण त्याच्या गाडीत पुढे बसतात. त्याच्या लग्नात तर... जाऊ दे.

ही म्हणाली, "दार धरून उभं राहायची काय गरज होती? पाहुणा केलात त्यांना." आणि कूस बदलली. तिला झोप लागली लगेच.

दार नव्हे. स्कूटीची चावी असणार. दीड वर्ष झालं, आसरा चौकातलं ते झाल्यावर मी चावी माझ्या कपाटात ठेवली. डॉक्टर नको म्हणालेत असं सांगितलं. डॉक्टर 'जपून' म्हणाले होते. लायसनची मुदत अजून आहे, हे अप्पांनी तेव्हा दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेल्या माणसाची चावी काढून घ्यायची आणि मग पावणेसात लाखांचं दार उघडून म्हणायचं, या, शेजारी बसा. मीही मागेच बसलो असतो.

की नसतो? गुडघ्याचंही असू शकतं. मागे पाय लांब करता येतात. पण लांब केले नव्हते, मी आरशात बघितलं. सगळा रस्ता आरशात बघत होतो, कुंभारीपर्यंत दोन ट्रॅक्टर अंगावर घेता घेता राहिले.

शेतात सगळं नेहमीसारखं. कडब्याची कोप, चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीत आंबील शिंपडत काकांची फेरी. गाडी बघून काकांनी "कुठल्या पक्षात गेलास?" विचारलं, सगळे हसले, मीही हसलो. अप्पा भज्जीचं तिसरं वाढण घेत होते. माझ्याशिवाय कोणालाच काही झालेलं नव्हतं.

निघताना मात्र झालं. गाडी बांधाजवळ उभी, समोर चुलत्यांची कडब्याची गंज. रिव्हर्स टाकला, क्लच सोडला, गाडी पुढे. परत टाकला, परत पुढे. या गाडीत रिव्हर्स पहिल्या गिअरच्या शेजारीच आहे, नॉब खाली दाबून मग डावीकडे सरकवायचा; नीट दाबला नाही तर पहिलाच पडतो. माहीत होतं की मला! सहा दिवस रोज काढतोय. पण चाळीस माणसं बघत होती आणि गंज काचेला टेकायची बाकी होती. तेव्हा मागून शांत आवाज: "सगळा खाली दाब. मग डावीकडं. घाई करू नकोस."

पडला. गाडी मागे आली. अप्पांनी माझ्या सीटच्या पाठीवर बोटाने दोनदा टकटक केलं. टण् टण्. ३१ वर्षं ज्या दोन घंट्यांवर गाडी सोडली, त्या आज स्वतः दिल्या.

त्यांना कसं कळलं, नॉब दाबायचा ते? गिअरवर चित्र आहे, पण चष्म्याशिवाय मागच्या सीटवरून दिसणं शक्य नाही.

विचार करतोय आणि एक गोष्ट आत्ता डोक्यात आली, तिचं हसूच आलं. ते मागे, मी पुढे. म्हणजे ड्रायव्हर मी. ज्या नोकरीत मला जाऊ दिलं नाही ("शीक, कुठं खाकी घालतोस") ती बरोब्बर पंचेचाळिसाव्या वर्षी लागली, तीही स्वतःच्या पैशाने गाडी आणून, बिनपगारी. मेमो तर पहिल्याच आठवड्यात मिळाला. आणि शेजारच्या सीटवर, जिथे आठवडाभर मी अप्पांना कल्पत होतो, तिथे आंबील आली. बेल्ट लावून, खड्ड्याखड्ड्याला मान डोलवत. निदान ती तरी बसली.

झोपतो.

सकाळी सात.

दूध घ्यायला बाहेर आलो. काल रात्री मी गाडी पोर्चमध्ये तोंड आत करून लावली होती. नक्की. मला ती तशीच लावता येते.

आज तिचं तोंड रस्त्याकडे आहे. चाकं सरळ. दोन्ही बाजूंना सारखं अंतर, टेप लावून मोजल्यासारखं. झोपेत डिझेलचा आवाज आला होता, मला दूधवाल्याचा टेम्पो वाटला. चावी खिळ्यालाच आहे, फक्त किचेन भिंतीकडे वळलेलं.

अप्पा आत पेपर वाचतायत. मी चहा दिला. "थंडी आहे आज," म्हणाले.

हो म्हटलं.

मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर चुन्याचा बोटभर पट्टा होता. ही उठायच्या आत ओल्या फडक्याने पुसला. गेटच्या खांबावरचा काळा ओरखडा निघाला नाही. तिथे सध्या तुळशीची कुंडी सरकवली आहे.