सत्तावीस रुपये

रात्रीचे पावणेबारा, मार्चएन्डची कामं, लॅपटॉप डायनिंग टेबलवर आणि एका पार्टीच्या लेजरमध्ये २७ रुपयांचा फरक. ऑफिसात साहेब म्हणाले होते, राउंड ऑफला टाक रे, २७ रुपयांसाठी कोण विचारतंय. खरंय, कोणी विचारणार नाही. पण हात जाईना.

अकरावीला आमच्या क्लासचे सर फरक सस्पेन्सला, म्हणजे न सापडलेल्या फरकाच्या तात्पुरत्या खात्यात, टाकू द्यायचेच नाहीत. एकदा मी टाकला तर वही मिटून माझ्या हातात दिली, बोलले काहीच नाहीत, आणि सगळे गेल्यावर माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले. सव्वानऊपर्यंत. त्या दिवशी एकनाथांची गोष्ट सांगितली, देवगिरीवर गुरू जनार्दनस्वामींकडे हिशोब लिहिताना एका पैचा फरक आला म्हणून रात्रभर जागले आणि पहाटे चूक सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली ती. कीर्तनात याच्यापुढे स्वामी जागे होतात आणि उपदेश करतात, पैच्या चुकीचा एवढा आनंद तर संसारातली चूक सापडली तर किती होईल वगैरे. सर टाळीपाशीच थांबायचे, म्हणायचे चल, शोध आता.

गेल्या आठवड्यात नाथषष्ठी झाली. जनार्दनस्वामी गेले तीच तिथी, १५९९ साली नाथांनी देह ठेवला तोही फाल्गुन वद्य षष्ठीलाच, असं मानतात. आणि अभंग संपताना 'एका जनार्दनी', म्हणजे स्वतःचं नाव लिहायचं तरी गुरूंचं सोबत घेऊनच. लहानपणी मला तो एकच माणूस वाटायचा, नाव एकनाथ आणि वडिलांचं नाव जनार्दन!

सर जाऊन चार वर्षं झाली. मला कळलं तेराव्यानंतर, आणि तेव्हाही मार्चच होता.

असो. फरकाला नऊनं भाग जातो का बघ, गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेत, ही सरांचीच ट्रिक. २७ भागिले ९, तीन. म्हणजे शेजारच्या दोन आकड्यांत तीनचा फरक असलेली एन्ट्री. एकेक बिल बोटानं खाली सरकवत गेलो, बाविसावं बिल १,४८५ चं आणि मी मारलेत १,४५८.

"सापडलं सर!" चांगलं मोठ्यानं बोललो बहुतेक, कारण बेडरूममधून आवाज आला, अरे एवढ्या रात्री कोणाचा फोन?