व्होल्गाकाठचे पाच दिवस : स्टालिनग्राड बघायला जाणाऱ्यांसाठी

व्होल्गोग्राडला, म्हणजे पूर्वीच्या स्टालिनग्राडला, पोचल्या पोचल्या आम्ही एक चूक केली. सामान हॉटेलात टाकलं आणि थेट ममायेव टेकडीवर गेलो. तिथला तलवार उगारलेल्या मातृभूमीचा पुतळा एवढा अवाढव्य आहे की तो बघितल्यावर संध्याकाळपर्यंत शहरातलं दुसरं काही नजरेत भरेना. रात्री ताई म्हणाली, "अरे, आपण कळस बघून आलो, देऊळ राहिलंच की!" दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात केली, या वेळी नदीच्या काठापासून. तुम्ही गेलात तर पहिल्याच दिवशी तसं करा.

ताईने साताऱ्याच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, मी सिव्हिल इंजिनिअर. आजोबा परळच्या गिरणीत होते. आमच्या घरात स्टालिनग्राडचं नाव शिरलं ते अण्णाभाऊ साठेंच्या पोवाड्यामुळे. १९४३ साली, जर्मन आणि सोव्हिएत सैन्यांची तिथली लढाई संपते न संपते तोच त्यांनी तो रचला, आणि आजोबांना त्याचे तुकडे शेवटपर्यंत पाठ होते. अण्णाभाऊ स्वतः १९६१ साली रशियाला जाऊन आले. मॉस्कोतल्या परकीय साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात २०२२ साली त्यांचा पुतळा बसवला. तागान्स्काया मेट्रो स्थानकापासून चालत जाता येतं. आम्ही तिथे नमस्कार करूनच पुढची गाडी पकडली.

आता जाण्याबद्दल. सध्या रशिया युद्धात आहे, हे विसरून बेत आखू नका. ताईला प्रोखोरोव्का बघायचं होतं, जिथे १२ जुलै १९४३ रोजी कुर्स्कच्या लढाईतली रणगाड्यांची प्रसिद्ध झुंज झाली. पण ते बेल्गोरोद प्रांतात, युक्रेनच्या सरहद्दीजवळ. तो बेत मी घरीच खोडून टाकला, ताई दोन दिवस बोलली नाही. व्होल्गोग्राड सरहद्दीपासून बरंच आत आहे, तरी ड्रोनचे हल्ले त्या प्रांतातही होतात आणि विमानतळ अचानक बंद होतो. म्हणून मॉस्कोहून रेल्वेने जा. रात्रभराचा प्रवास आहे, जवळपास वीस तास धरून चला. चार बर्थच्या बंद डब्याला 'कुपे' म्हणतात, आपल्या स्लीपरसारख्या उघड्या डब्याला 'प्लात्सकार्त'. आम्ही प्लात्सकार्त घेतलं आणि पस्तावलो नाही. डब्याच्या टोकाला उकळतं पाणी चोवीस तास मिळतं, त्यामुळे ताईचा उपमा आणि माझा चहा दोन्ही सुखात झाले. गाडी मॉस्कोच्या कुठल्या स्थानकावरून सुटते ते तिकिटावरच बघा. आमच्या एजंटने तोंडी वेगळं स्थानक सांगितलं होतं, आणि मॉस्कोत मोठी स्थानकं नऊ-दहा आहेत. धावपळ झाली, गाडी मिळाली, पण ताईची एक चप्पल मेट्रोतच राहिली.

भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. किती दिवस राहता येतं ते अर्ज भरतानाच नीट वाचा, नियम बदलत असतात. उतरल्यावर मिळणारी मायग्रेशन कार्डाची चिठ्ठी जपून ठेवा. तुमची नोंदणी हॉटेल करतं, निघताना तो कागद मागून घ्या. भारतात काढलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड तिथे चालत नाही, २०२२ पासून बंद आहे. कोऱ्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्या आणि बँकेत रूबल करून घ्या. मोबाइल इंटरनेट मधूनच गायब होतं. एका संध्याकाळी ते गेलं आणि टॅक्सीचं अॅप मेलं, आम्ही दीड तास चालत परतलो. म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि हॉटेलचा पत्ता रशियन अक्षरांत कागदावर लिहून खिशात ठेवा. पूल, कारखाने, पोलीस, लष्करी गाड्या यांचे फोटो काढू नका. कशाला ते विचारूही नका.

आता नदीकाठापासून.

शहर व्होल्गाच्या उजव्या काठाला चिकटून पट्टीसारखं पसरलं आहे. लांबी साठ किलोमीटरच्या वर, आणि रुंदी काही ठिकाणी इतकी कमी की टेकाडावर उभं राहिलं तर एकीकडे नदी, दुसरीकडे मोकळा माळ. हे एकदा पायांना कळलं की लढाई कळते. २३ ऑगस्ट १९४२ ला जर्मन रणगाडे शहराच्या उत्तरेला थेट व्होल्गापर्यंत पोचले आणि त्याच दिवशी विमानांनी शहर भाजून काढलं. त्यानंतर सोव्हिएत सेनापती चुइकोव्हच्या ६२व्या सैन्याच्या पाठीशी फक्त पाणी उरलं. माणसं, दारूगोळा, भाकरी, सगळं पैलतीरावरून रात्री होड्यांतून यायचं आणि जखमी त्याच होड्यांतून परत जायचे. नदी तिथे किलोमीटरभर तरी रुंद आहे. १४ सप्टेंबरच्या रात्री रोदिम्त्सेव्हची १३वी गार्ड्स डिव्हिजन अशीच उतरली, तेही जर्मन सैन्य शहराच्या मध्यभागी शिरलेलं असताना.

उन्हाळ्याच्या मोसमात नदी घाटावरून पलीकडच्या क्रास्नोस्लोबोद्स्कला लहान बोटी जातात. तिथे बघण्यासारखं काही नाही. तरी जा, आणि परत येताना पुढच्या बाजूला उभे राहा. काठ हळूहळू उंच होत जातो आणि काठावरच्या प्रत्येक खिडकीतून आपण दिसत असणार, हे लक्षात येतं. ताई त्या अख्ख्या फेरीत एक शब्द बोलली नाही. प्रोखोरोव्का तिने केव्हाच माफ केलं होतं, हे सांगून ठेवतो. जाता जाता मोठा पूल दिसतो, तो २००९ साली उघडला आणि पुढच्याच मे महिन्यात वाऱ्याने लाटेसारखा डुलला. नंतर त्यात डॅम्पर, म्हणजे डोलणं शोषून घेणारी यंत्रणा, बसवले. इंजिनिअर असाल तर त्याच्यासाठी पाच मिनिटं काढा.

काठावर उतरून वर चढलं की पॅनोरामा संग्रहालय आणि शेजारी लाल विटांची पडकी पिठाची गिरणी. शहर पुन्हा बांधलं तेव्हा ही एक इमारत मुद्दाम होती तशी ठेवली. भिंतींत विटेएवढीही जागा अशी नाही जिथे गोळी लागलेली नाही. रस्त्याच्या पलीकडे पावलोव्हचं घर. सार्जंट याकोव्ह पावलोव्हच्या तुकडीने ते सप्टेंबरच्या अखेरीस घेतलं आणि ५८ दिवस धरून ठेवलं. लेफ्टनंट अफानास्येव्ह कुमक घेऊन आला आणि पुढे नेतृत्व त्याच्याकडे होतं, पण घराला नाव लागलं सार्जंटचं. आता ती साधी राहती इमारत आहे. बाल्कनीत कपडे वाळत होते, खाली एक आजी मांजराला खायला घालत होत्या. आत जायचा प्रयत्न करू नका, लोकांची घरं आहेत. बाजूच्या विटांच्या स्मारकभिंतीवर लढणाऱ्यांबरोबर बांधणाऱ्यांचीही आठवण आहे: अलेक्सान्द्रा चेर्कासोव्हा आणि तिच्या बरोबरच्या बायकांनी १९४३ च्या जूनमध्ये, आपापली नोकरी सांभाळून, फुकट राबून हे घर पुन्हा उभं करायला घेतलं. मला ती भिंत तोफांपेक्षा जास्त आवडली.

माझा हट्ट असा की इथे पावलं मोजा. गिरणी ते पावलोव्हचं घर म्हणजे रस्ता ओलांडण्याइतकं. घरापासून पाण्यापर्यंत रमतगमत पाच-सहा मिनिटं. दोन महिने जर्मन सैन्याला ही पाच मिनिटं चालता आली नाहीत. नकाशावर बाण काढून हे समजत नाही, ताईनेही कबूल केलं की तिने मुलांना इतकी वर्षं बाणच शिकवले.

पॅनोरामाचं चित्र १६ मीटर उंच आणि १२० मीटर लांब, गोल भिंतीवर. आपण ममायेव टेकडीच्या माथ्यावर उभे आहोत आणि चहूकडे लढाई चालू आहे, अशी मांडणी. खालचं संग्रहालय बघायला तीन तास हवेत, आम्हाला दोनच मिळाले. पाट्या बहुतेक रशियनमध्ये आहेत.

पुढचा टप्पा, मध्यवर्ती दुकानाचं तळघर. 'उनिव्हेरमाग' म्हणजे आपल्याकडच्या जुन्या सरकारी भांडारासारखं मोठं दुकान. त्याच्या तळघरात ३१ जानेवारी १९४३ ला जर्मनांच्या सहाव्या सैन्याचा सेनापती पाउलुस पकडला गेला. आदल्याच दिवशी हिटलरने त्याला फील्ड मार्शल केलं होतं, अशा हुद्द्याचा माणूस जिवंत शरण जात नाही या हिशेबाने. आता तिथे छोटं संग्रहालय आहे. दार बाजूने आहे, आम्ही दोनदा चुकून पुढे गेलो. मेणाचे पुतळे मला भडक वाटले, पण बुटकं छत आणि दमट हवा खरी आहे. एक गोष्ट बरेच जण गोंधळून वाचतात: पाउलुस पकडला जाऊनही लढाई दोन दिवस चालली, कारण उत्तरेला ट्रॅक्टर कारखान्याकडे कोंडलेले जर्मन वेगळे होते. ते २ फेब्रुवारीला शरण आले.

एवढं झालं की मग टेकडी. मेट्रोट्राम पकडा. ही ट्राम गावाच्या मधल्या भागात भुयारातून जाते, १९८४ पासून आहे, तिकीट स्वस्त, आणि 'ममायेव कुर्गान' नावाचा थांबाच आहे. सकाळी आठला पोचा, शाळांच्या सहली दहानंतर येतात. पायऱ्या दोनशे, लढाईच्या दोनशे दिवसांसाठी. गुडघे दुखत असतील तर घाई नको, मध्ये टप्पे आहेत. दोन्ही बाजूंच्या पडक्या भिंतींतून कोरलेले सैनिक बाहेर येताना दिसतात. गोल दालनात अखंड ज्योत धरलेला हात आहे, भिंतींवर हजारो नावं आहेत, आणि संगीत वाजतं ते शुमानचं, एका जर्मनाचं. दर तासाला पहारा बदलतो, तो चुकवू नका. टेकडीवर ३४ हजारांहून अधिक सैनिक पुरले आहेत. चुइकोव्हही १९८२ पासून त्यांच्यातच आहे.

पुतळ्याबद्दल मला बोलायलाच हवं. तलवारीसकट ८५ मीटर, त्यातली तलवारच ३३. शिल्पकार वुचेतिच, गणित निकितिनचं, ज्याने मॉस्कोचा ओस्तान्किनो मनोरा उभा केला. १९६७ साली पुरा झाला. काँक्रीटच्या भिंती जेमतेम २५-३० सेंटीमीटर जाड, आतून पोकळ, आणि तणाव दिलेल्या पोलादी दोरांनी ताठ धरलेल्या. पायाला बोल्टने जखडलेला नाही, बुद्धिबळातल्या मोहऱ्यासारखा स्वतःच्या वजनावर उभा आहे. पहिली तलवार वाऱ्यात खडखडायची, म्हणून १९७२ साली बदलून वारा जायला भोकं असलेली बसवली. मी तासभर मान वर करून तलवारीतली भोकं शोधत होतो आणि ताई खाली, मेलेल्या मुलाला मांडीवर घेतलेल्या आईच्या पुतळ्यापाशी बसून होती.

चौथ्या दिवशी टॅक्सी ठरवून रोसोश्काला गेलो. हे ठिकाण बहुतेक लोक टाळतात. शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर, झाडं नाहीत, सावली नाही, वारा मात्र कान फाडणारा. टोपी आणि पाणी न्या, जायचं-यायचं-थांबायचं भाडं आधीच ठरवा, तिथे परतीची गाडी मिळत नाही. रस्त्याच्या एका बाजूला सोव्हिएत दफनभूमी, कबरींवर गंजलेली शिरस्त्राणं. दुसऱ्या बाजूला जर्मन, गोल आवाराची, आणि आसपास ग्रॅनाइटचे मोठे ठोकळे, ज्यांवर न सापडलेल्यांची नावं बारीक अक्षरांत कोरली आहेत. १९ नोव्हेंबर १९४२ ला उत्तरेच्या आणि २० ला दक्षिणेच्या बगलेवर रशियनांनी जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या रुमानियन सैन्यावर हल्ला केला, चार दिवसांत फास आवळला, आणि सहावं सैन्य याच माळावर अडकलं. विमानाने रोज किमान ३०० टन माल हवा होता, सरासरी जेमतेम १०० च्या आसपास पोचला. गुम्राकची धावपट्टी जानेवारीत गेली आणि तेही जवळपास संपलं. आजचा विमानतळ त्याच गुम्राकला आहे, २०२५ पासून त्याचं नाव स्टालिनग्राड. शेवटी सुमारे ९१ हजार कैदी झाले, परत घरी पोचले पाच-सहा हजार. टॅक्सीवाला जर्मन बाजूला आला नाही. गाडीजवळ सिगारेट ओढत थांबला. आम्हीही त्याला चल म्हटलं नाही.

मोसम सप्टेंबरचा उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो. मे-जूनमध्ये 'मोश्का' नावाची चिलटं नाकाकानात शिरतात, गावातले लोक अंगाला व्हॅनिलाचं पाणी लावतात. ९ मे आणि २ फेब्रुवारीला समारंभ मोठे असतात, खोल्या मिळत नाहीत. शाकाहारींनी 'स्तोलोवाया' म्हणजे खानावळ शोधावी. तिथे पदार्थ समोर दिसतात, बोट दाखवून घेता येतात. बोर्श नुसतं भाज्यांचं दिसलं तरी रस्सा बहुधा मांसाचा असतो. ताई पाच दिवस उकडलेला बकव्हीट, बटाटे, काकडी आणि कलिंगडावर राहिली. कलिंगड मात्र तिथलं खावंच.

शेवटचा दिवस सारेप्ताला द्या. शहराच्या दक्षिण टोकाला, लोकल गाडीने. १७६५ साली जर्मन लोकांनी वसवलेली वस्ती, चर्च आणि जुनी घरं अजून आहेत. व्होल्गाकाठच्या जर्मनांना १९४१ मध्ये सैबेरिया-कझाकस्तानला हाकलून दिलं, म्हणजे हिटलरचे जर्मन इथे पोचण्याआधी इथले जर्मन निघून गेले होते. त्यांनी मागे ठेवली मोहरी. सारेप्ताची मोहरी म्हणजे आपलीच राई, फोडणीतली. ताईने दुकानात दाणे तळहातावर घेऊन वास घेतला आणि तीन बाटल्या तेल उचललं. काचेच्या बाटल्या घेऊ नका. प्लास्टिकच्या मिळतात. आमची एक मॉस्कोच्या गाडीत फुटली आणि अख्ख्या डब्याला फोडणीचा वास सुटला.