पाळण्याच्या तुळईचा पाट

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्याची मागची पडवी गेल्या आषाढात बसली. माणसं आधीच फ्लॅटमध्ये गेली होती, त्यामुळे पडल्या त्या फक्त विटा, माती आणि सामायिक मालकीची भांडणं. ढिगाऱ्यातून एक सागवानी तुळई मात्र अखंड निघाली. नऊ इंच रुंद. आजी सांगायची, हे लाकूड डांगातून बैलगाडीनं आलं. आजीच्या गोष्टींत बैलगाड्या जरा जास्तच असत, पण डांगचा साग काही थाप नव्हे. १८४२ मध्ये इंग्रजांनी तिथली जंगलं भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्यानं घेतली, ती त्या सागावर डोळा ठेवूनच.

पुतण्याची मुंज ठरली होती. म्हटलं, ह्याचाच पाट करू.

"पडक्या घराचं लाकूड मंगलकार्याला?" आत्यानं विचारलं.

"घर पडलं वन्सं, तुळई मोडली का?" आई म्हणाली. विषय संपला.

सुतारमामांनी आधी खिळे शोधले. लोहारानं घडवलेले, चौकोनी डोक्यांचे अकरा निघाले. बारावा रंध्याच्या पात्याला सापडला. पात्याचा टवका उडाला आणि तो खिळा जणू मीच ठोकला होता, अशा नजरेनं मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग चुलीच्या धुरानं काळा पडलेला थर निघू लागला. खाली मधाचा रंग, आणि वास! इतक्या पिढ्या माळ्याखाली काढूनही सागातलं तेल जागं होतं. त्या तेलामुळेच वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. शेजारची आंब्याची फळी तिनं केव्हाच फस्त केली होती.

दोन फळ्या जोडून दीड फुटी पाट झाला. पण एका फळीला आरपार भोक. पाळण्याची कडी इथेच होती. माझे आजोबा, बाबा, आम्ही भावंडं, सगळे ह्याच भोकाखाली रडलो.

"लांबी भरतो, कळणारसुद्धा नाही," मामा म्हणाले.

"राहू द्या."

"लोक म्हणतील, सुतारानं सदोष माल दिला."

शेवटी भोकाची कड तेवढी त्यांनी घासून गुळगुळीत केली. पॉलिशही करू दिलं नाही. जवसाच्या तेलाचा एक हात, बस.

मुंजीच्या दिवशी मातृभोजनाला बटू त्या पाटावर बसला. वहिनी घास भरवत होत्या, गुरुजी घाई करत होते. बटूचं लक्ष दोघांकडेही नव्हतं. भोकात करंगळी जाते का, हे तो बघत होता. गेली. निघायला मात्र तूप लावावं लागलं.