कार्बोरेटर बदलू का ओ?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. "जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी सकाळी एका सेल्फला उठते. दुपारी सोलापूरच्या सात रस्ता चौकात सिग्नलवर उभी राहिली की दम सोडते, मग कितीही सेल्फ मारा, ढिम्म. अर्ध्या तासानं जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. गॅरेजवाला म्हणतो कार्बोरेटर गेला. बदलू का ओ?"

नका बदलू. निदान आज तरी नको. कार्बोरेटर म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. त्याला दोन स्क्रू बाहेरूनच दिसतात आणि स्क्रू दिसला की आपल्याकडे प्रत्येकाचा हात शिवशिवतो, एवढाच त्याचा गुन्हा. तुमच्याच सांगण्यात उत्तर आहे: गरम झाली की बंद, थंड झाली की सुरू. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, कचरा असता तर तो सकाळीही नडला असता.

तपास करायचा तो गाडी बंद पडल्या पडल्या, इंजिन तापलेलं असतानाच. मेकॅनिक येईपर्यंत ती थंड होते आणि पुरावाच जातो. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या घशात डोकावा आणि ॲक्सिलरेटरचा दांडा हातानं झटकन फिरवा. आत पेट्रोलची बारीक, सुईसारखी धार उडायला हवी. (विडीवाल्या सल्लागारांना आधी लांब उभं करा. गाडी बंद पडली की ते जमतातच.)

धार आलीच नाही, तर कार्बोरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी रिकामी आहे, म्हणजे पेट्रोल तिथवर पोचायच्या आधीच कुठेतरी अडलंय. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि बोनेटखाली तर विचारूच नका. पेट्रोलमधले हलके घटक साधारण तेवढ्या उष्णतेलाच उकळायला लागतात. एसी पंप (थंड हवेचा नव्हे, टाकीतून पेट्रोल ओढणारा) इंजिनलाच बोल्ट केलेला, त्यामुळे तोही तापतो, पाइपात वाफ धरते आणि पंप नुसती वाफ ढकलत बसतो. पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं टाका. थोड्या वेळात गाडी उठली तर चोर सापडला. मग पाइप सायलेन्सरच्या बाजूनं जातोय का ते बघा, आणि पंप व इंजिन यांच्यामधलं उष्णता अडवणारं जाड पॅकिंग जागेवर आहे का तेही. जुन्या गाड्यांत कुणीतरी ते काढून साधं कागदी घातलेलं असतं.

घशात धार नाही पण पेट्रोलचा भपकारा येतोय आणि आत सगळं ओलं दिसतंय, तर उलटा प्रकार झालाय. वाटीतलं पेट्रोल उकळून खाली इंजिनात उतरलंय. चोक अजिबात ओढायचा नाही, ॲक्सिलरेटर पायानं पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. पंपिंग अजिबात करू नका, प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत जातं.

धार व्यवस्थित आहे, भपकारा नाही, तरी उठत नाही? मग पेट्रोलचा विषय संपला, करंट बघा. इथे माझा संशय नेहमी कंडेन्सरवर असतो. डिस्ट्रिब्युटरला चिकटलेली ती बोटाच्या पेरापेक्षा जराशी मोठी पत्र्याची डबी. थंड असताना इमानदार, तापली की दगा देते. स्पार्क मरतो आणि डिस्ट्रिब्युटरमधले करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट जळून खडबडीत होतात. कॉइलही अशीच तापून बसते. कंडेन्सर कार्बोरेटरच्या मानानं फुटकळ किमतीत मिळतो, म्हणूनही तो कुणी आधी सुचवत नसावं. हे जरा खवचट झालं, पण राहू दे.

कार्बोरेटरचे स्वतःचे दोष वेगळे दिसतात. पाय काढला की बंद, पळताना मात्र ठीक: स्लो जेट (पाय काढल्यावर इंजिन चालू ठेवणारा) बघा. काळा धूर आणि काळे प्लग: फ्लोटची नीडल (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी) गळतेय, किंवा चोकची पाकळी अर्धवट अडकलीय. पाय काढल्यावरचा इंजिनाचा वेग, म्हणजे स्लो, स्थिर राहत नाही आणि कुठून तरी सूं आवाज येतो: खालच्या पॅकिंगमधून हवा ओढतेय. जेट साफ करताना तार मात्र घालू देऊ नका. सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. पितळ मऊ असतं. तारेनं भोक जरा जरी वाढलं तरी हवा-पेट्रोलचं मिक्चर बिघडलंच. पेट्रोलमध्ये भिजवा आणि हवा मारा.

आता २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं. उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला नावं ठेवणं अवघड, पण जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात. शिवाय त्यानं मिक्चर थोडं पातळ होतं (हवेच्या मानानं इंधन कमी पडतं), म्हणून प्लग पांढरट दिसले तर मेन जेट एक नंबर मोठा घालायचा विचार करा. पाइप मात्र विचार न करता बदला. आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवा, नाहीतर तळाशी चिकट थर धरतो.

एवढं बघूनही गाडी नाही ऐकली, तर कार्बोरेटर खुशाल खोलायला द्या. पण नवा घ्यायच्या आधी जुन्यात किट (पॅकिंग, नीडल असे नवे सुटे भाग) टाकून बघा, आणि काढलेले जेट परत मागून घ्या.