पिवळ्या वायरींचा कपलर का वितळला? चार्जिंगचा माझा अनुभव

बाइकचं साइड कव्हर उघडलं तेव्हा स्टेटरकडून रेग्युलेटरला जाणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा पांढरा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा सांधा) एका कोपऱ्यात तपकिरी पडून वाकला होता. स्टेटर म्हणजे इंजिन फिरताना वीज तयार करणारी कॉइल; रेग्युलेटर त्या एसी विजेची डीसी करतो आणि बॅटरीसाठी व्होल्टेज मर्यादेत ठेवतो. फ्यूज मात्र शाबूत. अशा वेळी सहसा कॉइल आणि रेग्युलेटर दोन्ही बदलायला सांगतात. मी आधी मल्टिमीटर लावला.

गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे ठीक. मग हेडलाइट चालू ठेवून सुमारे ४,००० आरपीएमला मोजलं, तर बॅटरीवर १३.३ व्होल्ट. इथे साधारण १४ ते १४.५ हवेत. त्याच क्षणी रेग्युलेटरच्या लाल-काळ्या वायरींवर १४.३ होते. म्हणजे रेग्युलेटर काम करत होता, एक व्होल्ट वाटेत हरवत होता. कुठे, ते शोधायला मीटरची एक पिन रेग्युलेटरच्या लाल वायरीवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवली: ०.६. काळी वायर ते बॅटरीचा मायनस: ०.४. प्रत्येक बाजूला ०.२ च्या आत असायला हवं. नुसता बॅटरीवरचा आकडा पाहून रेग्युलेटर बदलला असता, तर नवाही तेच दाखवत राहिला असता.

पिवळ्या वायरींना मीटर एसीवर ठेवून कपलरच्या दोन्ही बाजूंना, मागून पिना घालून मोजलं. दोन वायरींत ०.१, तिसरीत १.४ व्होल्ट. या वायरींतल्या करंटची लहर नीट साइन (गुळगुळीत नागमोडी) नसते, त्यामुळे साध्या मीटरचा आकडा अचूक धरू नये. तिघींतला फरक महत्त्वाचा. १२ अँपिअर धरले तरी त्या एका पिनेत १७ वॅटच्या आसपास उष्णता होते. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, यावरून अंदाज यावा. फ्यूज उडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. वाढलेला असतो तो सांध्याचा रेझिस्टन्स. शिवाय पिवळ्या वायरींच्या वाटेत फ्यूज बसवलेलाच नसतो.

मग कपलर सोडवून, इंजिन गरम असतानाच स्टेटर तपासला, कारण कॉइलचं इन्सुलेशन बऱ्याचदा तापल्यावरच दगा देतं. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करून तिन्ही जोड्यांत ०.४ ओहम, आणि इंजिनच्या बॉडीशी कुठेच कंटिन्युइटी (विजेची जोड) नाही. इंजिन चालू करून तिन्ही जोड्यांत सारखाच एसी मिळाला. आरपीएम वाढवताच तो ५० व्होल्टच्या वर जातो, तेव्हा उघड्या पिनांना हात लावू नये. स्टेटर निर्दोष होता.

सुरुवात ढिल्या पिनेपासून होते. पाणी-धूळ शिरून ऑक्साइड चढतं, पिन तापते, तापल्याने तिचा स्प्रिंगचा ताण जातो, पकड आणखी सुटते. एलईडी हेडलाइट लावला की कॉइलवरचा भार उतरतो, असं अनेकांना वाटतं. शंट प्रकारच्या रेग्युलेटरमध्ये तसं होत नाही. जास्तीचा करंट तो स्टेटरलाच शॉर्ट करून परत फिरवतो, म्हणून पिवळ्या वायरी भरल्याच राहतात.

दुरुस्तीत वायर कापताना तांबं आतवर काळं पडलेलं दिसलं. काळ्या तांब्यावर क्रिंप (वायरीवर दाबून बसवलेली पिन) आणि सोल्डर दोन्ही नीट बसत नाहीत, म्हणून चकाकतं तांबं लागेपर्यंत मागे कापत गेलो आणि २.५ चौ. मिमी वायरचे तुकडे जोडले. ६.३ मिमी पिनांचा सीलबंद कपलर घेतला, आणि पिना पकडीने न दाबता क्रिंपिंग टूलने दाबल्या. नुसतं सोल्डर करू नये. सोल्डर वायरीत चढून ती कडक होते आणि कंपनाने तिथेच तुटते. लाल वायरीच्या पिनाही बदलल्या. रेग्युलेटरच्या काळ्या वायरीपासून थेट बॅटरीच्या मायनसला वेगळी २.५ चौ. मिमी वायर टाकली.

नंतर त्याच आरपीएमला बॅटरीवर १४.२ व्होल्ट, दोन्ही बाजूंचा ड्रॉप (वाटेत हरवणारे व्होल्ट) ०.१ च्या आत. चाळीस मिनिटं चालवून लगेच हात लावला, तर कपलर फक्त कोमट होता.