जुन्या मोटर यॉटची इंजिन रूम: बॅटऱ्या हलवण्याआधी आणि हलवताना

हे लिहिताना डोळ्यांसमोर ग्रँड बँक्स ४२ आहे. १९७३ पासून फायबरग्लासमध्ये बनू लागलेल्या या ट्रॉलर धाटणीच्या यॉट आजही ठिकठिकाणी चालतात. बऱ्याच बोटींत मूळची दोन फोर्ड लेहमन १२० इंजिनंच आहेत. इंजिनं टिकली, पण त्यांच्या शेजारची विजेची मांडणी मात्र त्या काळातलीच राहून गेली आहे. दोन इंजिनं, दोन मोठ्या ८डी बॅटऱ्या आणि पहिली, दुसरी की दोन्ही बॅटऱ्या हे निवडणारा एक '१-२-बोथ-ऑफ' स्विच. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटरही त्याच बॅटऱ्यांवर आणि घरगुती भारही त्यांच्यावरच. रात्री स्विच चुकून 'बोथ'वर राहिला आणि फ्रिज चालू असला, तर सकाळी दोन्हींपैकी एकही इंजिन सुरू होत नाही.

८डी बॅटरी साधारण ५३ सेंटिमीटर लांब, २८ रुंद, २५ उंच. क्षमता २२५ ते २५० अँपियर-अवर, वजन सत्तर किलोच्या आसपास. कंबरेत वाकून उभं राहावं लागतं अशा खोलीत, इंजिन आणि डिझेलची टाकी यांच्यामधून, ती एकट्या माणसाने काढायची नसतेच. म्हणून होतं काय, तर ती कोणी काढत नाही, तिच्यामागे कोणी बघत नाही आणि तिच्याखालचा लाकडी पाट कुजत राहतो.

लेहमन १२० ला सुरू व्हायला एवढी मोठी बॅटरी लागत नाही. ग्रुप ३१ आकाराची एक चांगली स्टार्टिंग बॅटरी एका इंजिनाला पुरते. घरगुती भारासाठी गोल्फ कार्टच्या सहा व्होल्टच्या चार बॅटऱ्या घ्याव्यात. २२५ अँपियर-अवरच्या दोन-दोन सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या पॅरलल केल्या की १२ व्होल्टला ४५० अँपियर-अवर मिळतात, म्हणजे दोन ८डींइतकेच. पण इथे एकेक नग २८ किलोचा असतो आणि एक माणूस तो उचलू शकतो. माझ्या लेखी हाच सगळ्यात मोठा फायदा. आकाराचं गणित मात्र नीट करा. गोल्फ कार्टची बॅटरी २६ बाय १८ सेंटिमीटर, म्हणजे जुन्या ८डीच्या पाटावर दोन शेजारी-शेजारी ऐसपैस बसतात. तिसरी बसेलशी वाटते, पण तिघींची मिळून लांबी ५४ च्या वर जाते. उंचीही ८डीपेक्षा तीनेक सेंटिमीटर जास्त आहे, त्यामुळे जुन्या पेटीचं झाकण लागणार नाही. पाणी टाकायला आणि हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) घालायला वर अजून तीस सेंटिमीटर मोकळे हवेत. तेवढी जागा नसेल तर पाणी टाकणं लांबणीवर पडतं आणि प्लेटा उघड्या पडतात.

आता जागा. इथे दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात ओढतात: उष्णता आणि केबलची लांबी.

लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं. त्यावर दर आठ-दहा अंशांमागे ते जवळजवळ निम्मं होतं. डिझेल इंजिन रूम चालू असताना बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते २० अंशांनी गरम असते. मुंबईजवळच्या समुद्रात मे महिन्यात बाहेर ३३ असेल तर आत पन्नास. त्यातही सगळ्यात वाईट वेळ इंजिन बंद केल्यानंतरची, कारण इंजिनाने ओढून घेतलेली हवा थांबते आणि लोखंडातली धग खोलीत उतरते. ब्लोअर (इंजिन रूमची हवा खेळवणारा पंखा) पुढची वीस मिनिटं चालू ठेवला तर बराच फरक पडतो. जागा ठरवण्याआधी कमाल तापमान लक्षात ठेवणारे दोन-तीन स्वस्त थर्मामीटर घ्या आणि जिथे बॅटरी ठेवायचा विचार आहे तिथेच, त्याच उंचीवर बांधा. चार-पाच फेऱ्या होऊ द्या. एकाच खोलीत पुढच्या बल्कहेडशी (बोटीतल्या आडव्या भिंतीशी) खाली आणि एक्झॉस्टच्या कोरड्या पाइपजवळ वर, या दोन आकड्यांमध्ये केवढं अंतर पडतं ते बघितल्यावर जागा आपोआप ठरते.

दुसरी बाजू केबलची. लेहमनच्या सेल्फला सुरुवातीला ४०० अँपियर धरा. बॅटरी ते सेल्फ तीन मीटर, परत तीन मीटर, केबल ७० चौरस मिलिमीटरची. तांब्याचा रोध धरून हिशोब केला तर वाटेत ०.६ व्होल्ट पडतात. तीच केबल ३५ चौरस मिलिमीटरची असेल तर १.२ व्होल्ट. बॅटरी सेल्फ मारताना आधीच साडेदहा-अकरा व्होल्टवर येते, त्यातून सव्वा व्होल्ट गेला तर सेल्फ रेंगाळत फिरतो आणि लोक नवी बॅटरी विकत घेतात.

म्हणून स्टार्टिंग बॅटऱ्या इंजिन रूममध्येच राहू द्याव्यात, सेल्फच्या जवळ, खाली आणि थंड बाजूला. त्यांचं आयुष्य थोडं कमी होईल, पण त्या लहान आहेत आणि बदलणं सोपं आहे. हाऊस बँक, म्हणजे घरगुती भाराच्या बॅटऱ्यांचा संच, उष्णतेपासून दूर न्यायची. ४२ फुटी क्लासिक मांडणीत इंजिन रूम सलूनखाली आणि तिच्या मागे आफ्ट केबिन असल्यामुळे थेट मागच्या लॅझरेटमध्ये (बोटीच्या शेवटच्या सामानाच्या कप्प्यात) बँक नेली तर केबल फार लांबते. सलूनमधल्या बाकाखाली नेणार असाल तर एजीएम, म्हणजे पाणी टाकावं न लागणाऱ्या बंद बॅटऱ्या घ्या. पाणी टाकायच्या बॅटऱ्या राहत्या जागेत ठेवू नयेत, कारण चार्ज होताना त्या हायड्रोजन सोडतात आणि हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो. पाण्याच्याच बॅटऱ्या हव्या असतील तर इंजिन रूमचं पुढचं बल्कहेड, हवा आत येते तिथे, पेटीच्या सगळ्यात उंच बिंदूला बाहेर काढणारी नळी लावून. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या इंजिन रूममध्ये नकोतच. त्यांना उष्णता सोसत नाही, आणि त्या लेहमनच्या मूळच्या पन्नासेक अँपियरच्या अल्टरनेटरकडून सतत पूर्ण प्रवाह ओढून अल्टरनेटरच जाळतात.

इन्व्हर्टर हाऊस बँकेच्या मागोमाग जातो. तीन हजार व्हीएचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला १२ व्होल्टच्या बाजूने सव्वादोनशे अँपियरच्या घरात ओढतो. त्याची २३० व्होल्टची वायर दहा मीटर लांब चालेल, १२ व्होल्टची दीड मीटरपेक्षा लांब नको. तोही उष्णतेत मंदावतो. व्हिक्ट्रॉन कंपनीच्या मल्टिप्लस १२/३००० या इन्व्हर्टरची क्षमता २५ अंशांवर २४०० वॉट आणि ४० अंशांवर २२०० वॉट दिलेली आहे. चार्जर किंवा इन्व्हर्टर बॅटरीच्या थेट वर कधीही लावू नका. ॲसिडची वाफ सर्किट बोर्ड खाऊन टाकते.

जागा ठरली की पुठ्ठ्याचे खोके कापून बॅटरीच्या मापाचे बनवा आणि तिथे ठेवून द्या. मग रोजची कामं करून बघा. डिझेल फिल्टरचा पेला खाली काढून पाणी सोडता येतंय का? सी-कॉकची (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या झडपेची) मूठ पूर्ण फिरते का? पाण्याच्या पंपातल्या इंपेलरच्या (रबरी पंख्याच्या) झाकणाचे स्क्रू निघतात का? लेहमनमध्ये एक खास अडचण आहे. त्याच्या इंजेक्शन पंपाला स्वतःचं वेगळं तेल असतं आणि ते दर ५० तासांनी बदलायचं असतं. दोन्ही इंजिनं एकाच बनावटीची असल्यामुळे एकाचा पंप मधल्या वाटेकडे येतो आणि दुसऱ्याचा बोटीच्या भिंतीकडे जातो. त्या भिंतीकडच्या पंपासमोर बॅटरी ठेवली तर ते तेल बदललं जाणार नाही, याची खात्री बाळगा. आग विझवणाऱ्या सिलिंडरच्या नोझलसमोरही काही येता कामा नये. बॅटरीच्या वर ३० सेंटिमीटरच्या आत डिझेलची धातूची नळी किंवा जोड नको. पाना निसटला तर नळीवर ठिणगी पडते.

वजनाचाही विचार करा. चार बॅटऱ्या मिळून ११२ किलो. त्या सगळ्या एकाच बाजूला, मध्यरेषेपासून दीड मीटरवर ठेवल्या तर बोट कलवणारा जोर ११२ किलो गुणिले दीड मीटर, म्हणजे १६८ होतो. पंधरा टनांची बोट आणि एक मीटर मेटासेंट्रिक उंची (बोट किती सहज कलते ते सांगणारं माप) धरली तर बोट साधारण ०.६ अंश झुकेल, म्हणजे एका बाजूची पाण्याची रेषा दोन-सव्वादोन सेंटिमीटर खाली जाईल. आधी जिथे तोल बरोबर होता तिथे हे लगेच दिसतं.

बोट पाण्यात असताना काम करणार असाल तर सगळ्यात आधी बिल्ज पंपाला (तळात साचलेलं पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाला) एक तात्पुरती बॅटरी जोडा, फ्यूजसकट. दोन शाफ्ट बोटीबाहेर जातात तिथल्या दोन स्टफिंग बॉक्समधून थेंब-थेंब पाणी येतच असतं आणि बॅटऱ्या काढल्या की पंप मुका होतो. शोअर पॉवरची (किनाऱ्यावरून येणाऱ्या विजेची) वायर बाहेरून काढा, जनरेटर सुरू होणार नाही असं करा. अंगठी, घड्याळ काढा, पान्याला टेप गुंडाळा. निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याची बादली जवळ असू द्या.

मग प्रत्येक वायरला चिठ्ठी. चाळीस-पन्नास वर्षांत किती हातांनी काय-काय जोडलंय ते कोणालाच माहीत नसतं. बॅटरीच्या पोस्टवर, म्हणजे वायर जोडायच्या खुंटावर, सात-आठ बारीक वायरी चढवलेल्या सापडतील. एक बिल्ज पंप, एक मेमरीवाला रेडिओ, एक चार्जरचा सेन्सर आणि दोन अशा, ज्यांचं दुसरं टोक सापडतच नाही. त्या दोन सापडेपर्यंत पुढचं काम सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. बोटीचे धातूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या हिरव्या बाँडिंग वायरी जिथल्या तिथे ठेवा.

जुन्या केबलचं टोक दोन सेंटिमीटर सोलून बघा. तांबं काळं-हिरवं असेल तर आणखी दहा सेंटिमीटर कापा. तिथेही तसंच असेल तर केबल फेकायची. नवी केबल टिन लावलेल्या तांब्याची घ्या, लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) हायड्रोलिक क्रिंपिंग टूलने षट्कोनी दाबा आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. हातोडीने ठोकलेला लग वरून ठीक दिसतो, आत हवा असते आणि दोन पावसाळ्यांत तो गरम व्हायला लागतो. पोस्टवर सगळ्यात जाड लग सगळ्यात खाली. लग आणि पोस्ट यांच्यामध्ये वॉशर कधीच घालू नका. पोलादी वॉशरमधून शेकडो अँपियर गेले की तो तापतो. वॉशर सगळ्यांच्या वर, नटाखाली. एका पोस्टवर चारपेक्षा जास्त लग नकोत. जास्त असतील तर बसबार (अनेक वायरी जोडायची धातूची पट्टी) लावा.

पॅरलल जोड्यांत पॉझिटिव्ह एका टोकाच्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून घ्या. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतले तर तीच जास्त काम करते आणि आधी मरते. शंट (बँकेत येणारा-जाणारा प्रवाह मोजायचा तुकडा) वापरणार असाल तर बँकेच्या निगेटिव्हवर शंटची केबल सोडून दुसरं काहीही नको. एक वायर जरी राहिली तरी मीटरचा आकडा खोटा ठरतो.

फ्यूज बॅटरीपासून १७८ मिलिमीटरच्या आत. अमेरिकन बोटींचं एबीवायसी मानक सांगतं ते हेच अंतर आहे. केबल पूर्णपणे आवरणात असेल तर जास्त अंतराची सूट मिळते, पण ती न घेतलेली बरी. सेल्फच्या केबलला या नियमातून सूट आहे. ती आखूड ठेवा आणि कुठे घासणार नाही असं बघा. हाऊस बँकेला क्लास टी फ्यूज लावा. तो शॉर्ट झाल्यावरचे २०,००० अँपियर तोडू शकतो, एएनएल फ्यूजची मर्यादा ६,००० आहे. अल्टरनेटरचं आउटपुट स्विचमधून न नेता फ्यूज लावून सरळ हाऊस बँकेला न्या. चालू इंजिनावर कोणी स्विच ऑफ केला तरी डायोड वाचतात. हाऊस आणि स्टार्टिंग यांच्यामध्ये व्होल्टेज बघणारा रिले, आणि अडचणीच्या वेळी दोन्ही जोडणारा वेगळा स्विच. जुना '१-२-बोथ' मग निवृत्त.

पेटी घट्ट बांधा. त्याच मानकाप्रमाणे बॅटरीला ९० पाउंड किंवा तिच्या वजनाच्या दुप्पट, यांतलं जे कमी असेल तेवढं ओढलं, तर ती मिनिटभरात कोणत्याही दिशेला २५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. गोल्फ कार्टच्या बॅटरीला ते ४० किलो होतं. वजनकाटा लावून ओढून बघा. लवचीक पट्ट्यांवर विसंबू नका.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. ऑटोपायलटचा फ्लक्सगेट कंपास, म्हणजे त्याला दिशा सांगणारं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र, बऱ्याचदा सलूनच्या फळीखाली किंवा बाकाखाली असतो, नेमका जिथे नवी बँक येणार तिथे. शंभर अँपियरची एकटी केबल जवळून गेली तर इन्व्हर्टर चालू होताच बोट आपली दिशा बदलते. केबल निदान एक मीटर दूर ठेवा आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एकत्र पिळून न्या. नंतर कंपास पुन्हा कॅलिब्रेट करा.

मुंबईत गेटवेसमोर मूरिंगवर (पाण्यातच बांधून) राहणाऱ्या बोटींना शोअर पॉवर नसते. तिथे चार्जर कितीही चांगला असला तरी उपयोग इंजिन किंवा जनरेटर चालू असेपर्यंतच. शंभर वॉटचं एक सोलर पॅनेल आणि कंट्रोलर बॅटऱ्यांना अर्धवट चार्जवर कुजण्यापासून वाचवतो. पावसाळ्याआधी बोटी वर काढल्या जातात, तेच या कामाचे योग्य दिवस.

सगळं जोडल्यावर मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. सुई पोस्टवरच टेकवा, लगवर नाही. आकडा ०.३ व्होल्टच्या आत हवा. निगेटिव्ह पोस्ट ते इंजिन ब्लॉक, तेवढाच. जास्त आला तर एकेक जोड धरून मोजत जा, एका ठिकाणी तो अचानक उडी मारेल. मग इन्व्हर्टरवर किटली लावून अर्धा तास भार द्या आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक लग बघा. शेजारच्यापेक्षा दहा अंश गरम असलेला लग पुन्हा करायचा. दहा तास बोट चालल्यावर सगळे नट पुन्हा आवळा, बॅटरी कंपनीने दिलेल्या टॉर्कनुसार, कारण शिसं दबतं. नवी आकृती लॅमिनेट करून बल्कहेडवर लावा, तारखेसकट.